ताठर हातापायांच्या शस्त्रक्रियेआधी डायनॅमिक ईएमजी : चाचणी कशी करावी, आलेख कसा वाचावा

पक्षाघात, डोक्याला लागलेला मार किंवा सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन जडणारा हालचालींचा दोष) यांमुळे हातपाय ताठर झालेला रुग्ण ओपीडीत येतो, तेव्हा त्याच्या पावलाचा किंवा हाताचा आकार पाहूनच कारणीभूत स्नायू ओळखता येईल, असे शिकाऊ काळात आपल्या सर्वांना वाटलेले असते. टाच टेकत नाही म्हणजे पोटरी, पाऊल आत वळते म्हणजे टिबिॲलिस पोस्टिरिअर (पोटरीतला खोलवरचा स्नायू), कोपर दुमडलेले राहते म्हणजे बायसेप्स (दंडाचा पुढचा स्नायू), अशी गणिते आपण मनाशी बांधून ठेवतो. प्रत्यक्षात तो आकार म्हणजे पाच-सहा स्नायूंच्या ओढाताणीतून उरलेली बाकी असते, आणि नुसत्या बाकीवरून मूळ आकडे काढता येत नाहीत. सारखेच दिसणारे पाऊल दोन रुग्णांत दोन वेगळ्या स्नायूंमुळे वळलेले असू शकते, आणि एकाला लागू पडलेली शस्त्रक्रिया दुसऱ्याचा पाय कायमचा बिघडवू शकते.

चालताना किंवा हात वापरताना प्रत्येक स्नायू नेमका केव्हा जागा होतो आणि केव्हा शांत होतो, हे स्नायूच्या विद्युत संदेशांवरून नोंदवणारी चाचणी म्हणजे डायनॅमिक ईएमजी (इलेक्ट्रोमायोग्राफी). ती कशी मागावी, कशी करावी आणि तिच्यावरून शस्त्रक्रियेचा बेत कसा आखावा, हे मुंबईतल्या रोजच्या कामाच्या अनुभवावरून येथे मांडत आहे. लेखन मुख्यतः ऑर्थोपेडिक व पुनर्वसन विभागांतील निवासी डॉक्टरांसाठी आणि फिजिओथेरपिस्टसाठी आहे. परंतु ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनीही ते वाचावे, कारण शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी काय विचारायचे हे त्यांना ठाऊक असलेले बरे.

आपल्याकडे स्नायूंच्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) एका जागेवरून दुसरीकडे जोडण्याची, म्हणजे टेंडन ट्रान्सफरची विद्या मोठ्या प्रमाणावर पोलिओच्या रुग्णांवर काम करताना रुजली. हाजी अलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन १९५५ मध्ये सुरू झाली, तो काळ पोलिओचाच होता. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी त्या काळची विचार करण्याची रीत आपल्या हातात अजून टिकून आहे. पोलिओमध्ये स्नायू दुबळा होतो, पण त्याला येणारा मेंदूचा हुकूम वेळेवर येत असतो. त्यामुळे कोणत्या स्नायूत किती ग्रेडची ताकद आहे एवढे तपासले की बेत ठरत असे, आणि जागा बदललेला स्नायू व्यायामाने नवे काम शिकूनही घेत असे. स्पास्टिक, म्हणजे मेंदूच्या आघाताने ताठर झालेल्या, स्नायूची गोष्ट उलटी आहे. त्याच्यात जोर दिसतो, परंतु त्याची वेळ चुकलेली असते, आणि जागा बदलली तरी ती चुकलेली वेळ तो बहुतेकदा सोबत घेऊन जातो. म्हणून येथे ताकदीच्या आधी वेळ तपासावी लागते.

आधी प्रश्न लिहा

"दोन्ही पायांची ईएमजी करावी" एवढेच लिहिलेली चिठ्ठी हाती आली की मी ती परत पाठवतो. एका बैठकीत आठ-दहा स्नायूंपेक्षा जास्त स्नायू नीट नोंदवता येत नाहीत. रुग्ण थकतो, आणि थकलेल्या रुग्णाचा ताठरपणा वाढून आलेखही बदलतो. म्हणून चाचणी मागणाऱ्याने आपला प्रश्न एका वाक्यात लिहावा. उदाहरणार्थ, नडगीच्या पुढचा स्नायू टिबिॲलिस अँटिरिअर याच्यावर संशय असेल तर, "पाऊल हवेत असताना आत वळते, टिबिॲलिस अँटिरिअर आणि टिबिॲलिस पोस्टिरिअर यांपैकी कोण सतत चालू आहे?" असा प्रश्न असला की कोणते स्नायू घ्यायचे, त्वचेच्या पृष्ठभागावर लावायचे इलेक्ट्रोड पुरतील की स्नायूच्या आत बारीक तार घालावी लागेल, आणि रुग्णाकडून कोणती हालचाल करून घ्यायची, हे सगळे आपोआप ठरते.

प्रत्येक संशयित स्नायूबद्दल चार गोष्टी कळायला हव्यात. रुग्णाच्या मनाप्रमाणे तो आकसतो का? विरुद्ध दिशेची हालचाल चालू असताना तो मध्ये येतो का? झटकन ताणल्यावर तो उसळून प्रतिकार करतो का? आणि पूर्ण शांत असतानाही तो लांबीला कमी पडतो का? पहिल्या तिन्हींचे उत्तर आलेख थेट देतो. चौथ्याचे उत्तर हात आणि आलेख मिळून देतात : सांधा पुढे सरकत नाही आणि रेघ मात्र सपाट आहे, अशी अवस्था दिसली तर तो स्नायू किंवा सांध्याभोवतीचे आवरण कायमचे आखडलेले आहे असे समजावे.

याचा अर्थ टेबलावरची तपासणी आधी आणि काळजीपूर्वक व्हायला हवी. १९८७ पासून वापरात असलेली मॉडिफाइड ॲशवर्थ श्रेणी (सांधा हलवताना जाणवणारा प्रतिकार मोजण्याची पट्टी) सर्वांना पाठ असते, परंतु ती ताठरपणा आणि आखडलेपणा यांत भेद करत नाही. त्यासाठी टार्ड्यूच्या पद्धतीने एकदा अगदी सावकाश आणि एकदा झटक्यात सांधा ताणून दोन्ही कोन मोजावेत. दोहोंत फरक मोठा असला तर दोष ताठरपणाचा, फरक थोडा आणि हालचालच अपुरी असली तर दोष लांबीचा. घोट्याचा कोन गुडघा सरळ ठेवून आणि दुमडून असा दोन्ही वेळा मोजला की पोटरीच्या दोन स्नायूंपैकी वरचा गॅस्ट्रोक्नेमियस एकटा आखूड आहे की त्याच्याखालचा सोलिअसही, हे कळते. रुग्णाला पालथे झोपवून गुडघा झटकन दुमडल्यावर कंबर वर उचलली गेली, तर रेक्टस फेमोरिसवर (मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू) संशय घ्यावा. हे सर्व आकडे चाचणीच्या कागदावर वरच लिहिलेले असावेत.

त्याच कागदावर रुग्णाला काय हवे आहे तेही लिहावे, आणि ते मोघम शब्दांत लिहू नये. "चाल सुधारणे" हे उद्दिष्ट नव्हे. लोकलच्या पायरीवर आजारी पाय आधी टाकता यावा, चाळीतल्या सामाईक शौचालयात उकिडवे बसता यावे, चप्पल पायातून निसटू नये, तळहात धुता यावा, ही उद्दिष्टे झाली. उकिडवे बसायचे असेल तर पाऊल वर वळण्याची लांबी हवी. पण त्यासाठी पोटरीची कंडरा गरजेपेक्षा जास्त सैल केली, तर गुडघे दुमडून वाकत चालण्याची पाळी येते, विशेषतः दोन्ही पायांत ताठरपणा असलेल्या मुलांत. हा तोल कुठे राखायचा, हे रुग्णाच्या घराची रचना कळल्याशिवाय ठरत नाही.

योग्य वेळी योग्य चाचणी

महिन्यातून एकदा तरी असे घडते की नातेवाईक प्लास्टिकच्या पिशवीतून जाडजूड फाइल काढतात, तिच्यात ईएमजीचा रिपोर्ट असतो, आणि त्यावर "नॉर्मल" लिहिलेले असते. तो रिपोर्ट खोटा नसतो. तो वेगळ्या चाचणीचा असतो. मज्जातंतू किंवा स्नायू यांचा आजार शोधण्यासाठी न्यूरॉलॉजी विभागात रुग्णाला झोपवून सुई टोचून जी ईएमजी करतात, ती मेंदूच्या आघाताने ताठर झालेल्या स्नायूत बहुधा फारसे काही दाखवत नाही. तिच्यासाठी कुटुंबाने पैसे आणि एक दिवसाची मजुरी खर्च केलेली असते, याचे मला दरवेळी वाईट वाटते. ही चूक त्यांची नसून चिठ्ठी लिहिणाऱ्याची असते. चिठ्ठीवर "डायनॅमिक ईएमजी, चालताना" किंवा "डायनॅमिक ईएमजी, हात उघडताना व मिटताना" असे स्पष्ट लिहावे.

पक्षाघातानंतर पहिल्या सहा महिन्यांत स्नायूंचे नियंत्रण अजून बदलत असते, त्यामुळे कायमस्वरूपी शस्त्रक्रियेसाठी केलेली चाचणी त्याआधी करण्यात अर्थ नाही. डोक्याच्या दुखापतीनंतर याहूनही जास्त थांबावे लागते. स्नायू सैल करणारे बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन दिलेले असेल तर त्याचा परिणाम साधारण तीन ते चार महिने टिकतो, आणि त्या काळात काढलेला आलेख औषधाचा असतो, रुग्णाचा नसतो. ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळ्या चालू असतील तर मात्रा आणि शेवटची गोळी घेतल्याची वेळ लिहावी, पण चाचणीसाठी गोळ्या अचानक बंद करू नयेत. त्या एकाएकी थांबवल्याने झटके येण्यापर्यंतचा धोका असतो. पक्षाघाताचे बरेच रुग्ण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेत असतात, त्यांची चौकशी आत तार घालण्यापूर्वी करावी, टेबलावर नव्हे.

खोली, त्वचा, इलेक्ट्रोड

चालण्याची जागा आठ ते दहा मीटर सरळ मिळावी. मुंबईच्या रुग्णालयात एवढी मोकळी लांबी मिळवणे हेच अर्धे काम असते, तरीही तडजोड करू नये, कारण आखूड जागेत रुग्ण फक्त वेग घेतो आणि थांबतो, त्याची मधली स्थिर पावले नोंदवलीच जात नाहीत. विरार किंवा बदलापूरहून गर्दीतून आलेल्या रुग्णाला अर्धा तास बसू द्यावे, पाणी द्यावे, लघवीला जाऊन येऊ द्यावे. भरलेले मूत्राशय, भीती आणि थंडी या तिन्हींनी ताठरपणा वाढतो. एसी चालू असावा, कारण घामाने इलेक्ट्रोड सुटतात, पण खोली गारठलेली नसावी.

पावसाळ्यात त्वचा तयार करण्याला दुप्पट वेळ द्यावा लागतो. केस काढून, स्पिरिटने हलक्या हाताने चोळून, जागा पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबावे. जुलैमधल्या एका सकाळी टिबिॲलिस अँटिरिअरच्या रेघेवर प्रत्येक पावलागणिक एक उंच, गोलसर लाट दिसत होती. खऱ्या स्नायूची रेघ गवताच्या गंजीसारखी दाट आणि खरखरीत असते. ही लाट गुळगुळीत होती. वाकून पाहिले तर इलेक्ट्रोडची एक कडा घामाने उचलली गेली होती आणि टाच आपटली की वायर हलत होती. इलेक्ट्रोड बदलून वायर टेपने पोटरीला बांधल्यावर ती लाट नाहीशी झाली आणि तिच्याखाली दडलेली खरी रेघ दिसू लागली. आकड्यांचे विश्लेषण करण्याआधी कच्ची रेघ डोळ्यांनी पाहण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

दोन इलेक्ट्रोडमधले अंतर सुमारे २० मिलिमीटर ठेवावे आणि ती जोडी स्नायूतंतूंच्या दिशेने, स्नायूच्या फुगीर भागावर, कंडरेपासून दूर लावावी. सॅम्पलिंग, म्हणजे यंत्राने घेतलेल्या नोंदी, सेकंदाला १००० पेक्षा कमी नसावे, शक्य तर २००० ठेवावे. पृष्ठभागावरच्या ईएमजीसाठी फिल्टर साधारण २० ते ४५० हर्ट्झचा असतो. आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण रेघेत शिरली, तर नॉच फिल्टर (फक्त तेवढीच कंपने गाळणारी सोय) लावून ती पुसण्याचा मोह आवरावा, कारण स्नायूचा खरा संदेशही त्याच पट्ट्यात भरपूर असतो. त्यापेक्षा पंखा बंद करावा, वायरी चार्जरपासून दूर न्याव्यात आणि त्वचा पुन्हा स्वच्छ करावी.

टिबिॲलिस पोस्टिरिअरसारखा खोलवरचा स्नायू त्वचेवरून वाचता येत नाही. त्यासाठी १९६२ मध्ये बसमाजियन आणि स्टेको यांनी रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणे, सुईतून नेलेल्या केसासारख्या बारीक तारा स्नायूत सोडून सुई काढून घ्यावी लागते. सोनोग्राफी हाताशी असेल तर तिच्या आधारेच सुई न्यावी, आणि तार आत गेल्यावर तिच्यातून सौम्य विद्युत-स्पंदन देऊन पाऊल आत वळते की बोटे दुमडतात हे पाहावे. बोटे दुमडली तर तार शेजारच्या स्नायूत आहे. लहान मुलांत ही तार घालणे कठीण जाते, आणि रडून शरीर आवळलेल्या मुलाचा आलेख उपयोगाचा नसतो. मुलाला आईच्या मांडीवर बसवून, आधी बाहुलीच्या पायाला इलेक्ट्रोड लावून दाखवल्याने मला अनेकदा यश आले आहे. न आल्यास तारेचा हट्ट सोडून दुसऱ्या दिवशी बोलवावे.

टाच आणि चवडा यांखाली फूटस्विच (पाऊल केव्हा टेकले आणि उचलले हे नोंदवणारी बटणे) लावावेत आणि समोरून व बाजूने असे दोन व्हिडिओ आलेखाशी वेळेने जुळवून घ्यावेत. कोणत्या क्षणी पाऊल जमिनीवर होते हे माहीत नसेल, तर ईएमजीच्या रेघेचा काहीही अर्थ लागत नाही. रुग्णाला अनवाणी, त्याच्या नेहमीच्या गतीने पाच-सहा फेऱ्या चालवावे, आणि तो घरी स्प्लिंट वापरत असेल तर एक फेरी स्प्लिंटसह घ्यावी.

पावलाचा आलेख

निरोगी चालीत एका चक्राचा साधारण ६० टक्के काळ पाय जमिनीवर आणि ४० टक्के हवेत असतो. टिबिॲलिस अँटिरिअर पाऊल हवेत असताना ते वर धरून ठेवतो आणि टाच टेकल्यावर पाऊल अलगद खाली उतरवून शांत होतो. पोटरीचे स्नायू त्यानंतर, शरीर पावलावरून पुढे सरकत असताना काम करतात आणि पाय उचलण्याआधीच थांबतात. टिबिॲलिस पोस्टिरिअरही पाय जमिनीवर असतानाच काम करतो. ही वेळापत्रके डोळ्यांसमोर ठेवून रुग्णाच्या स्वतःच्या फूटस्विचच्या खुणांशी रेघ ताडून पाहावी. सावकाश चालणाऱ्या रुग्णाचा पाय जास्त काळ जमिनीवर असतो, म्हणून छापील टक्केवारी त्याच्यावर लादू नये.

एकाच आठवड्यात मी दोन पुरुष रुग्ण पाहिले, दोघांनाही पक्षाघात होऊन वर्ष उलटले होते, दोघांचेही पाऊल आत वळून बाहेरच्या कडेवर टेकत होते आणि दोघांच्याही करंगळीच्या बाजूला घट्टा पडलेला होता. पहिल्याच्या आलेखात टिबिॲलिस अँटिरिअरची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाट होती, पाय जमिनीवर असतानाही तिच्यात खंड नव्हता, तर तारेने घेतलेला टिबिॲलिस पोस्टिरिअर आपल्या वेळेलाच उठत होता आणि तोही जेमतेम. दुसऱ्याच्या बाबतीत टिबिॲलिस अँटिरिअर जवळजवळ वेळेवर होता, आणि टिबिॲलिस पोस्टिरिअर पाय हवेत असतानाही थांबत नव्हता.

पहिल्यासाठी टिबिॲलिस अँटिरिअरची कंडरा उभी चिरून तिचा अर्धा भाग पावलाच्या बाहेरच्या बाजूला जोडण्याची शस्त्रक्रिया योग्य ठरते, कारण मग तोच सततचा ओढा दोन्ही बाजूंना वाटला जाऊन पाऊल सपाट राहते. सोबत टाचेची कंडरा लांबवणे आणि दुमडणाऱ्या बोटांचे स्नायू सोडवणे बहुधा लागते. कॅलिफोर्नियातील रांचो लॉस अमिगोस रुग्णालयात जॅक्लिन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालीच्या ईएमजीवर जे पायाभूत काम केले, त्यातून हा विचार घडला. दुसऱ्यासाठी मात्र हात घालायचा तो टिबिॲलिस पोस्टिरिअरला, आणि तोही बेताने लांबवून किंवा अर्धा वळवून. तो पूर्ण कापला तर पावलाची कमान बसून पाऊल उलट बाहेर कोसळू शकते. सतत चालू असणारा तो स्नायू अख्खा पावलाच्या वरच्या बाजूला आणून जोडला, तर पाऊल वर आणि बाहेर ओढले जाण्याचा धोका असतो. पावलाच्या नुसत्या फोटोवरून या दोघांना एकच शस्त्रक्रिया सांगितली गेली असती.

पोटरीबाबत एवढे लक्षात ठेवावे की, टाच टेकण्याआधीच, म्हणजे पाऊल हवेत असतानाच गॅस्ट्रोक्नेमियसची रेघ उठत असेल, तर त्याची वेळ चुकलेली आहे. रेघ वेळेवर असूनही टाच टेकत नसेल, तर दोष लांबीचा असण्याची शक्यता जास्त.

गुडघा, आणि माझी एक चूक

पाय हवेत असताना निरोगी गुडघा सुमारे ६० अंश दुमडतो, म्हणून बोटे जमिनीला घासत नाहीत. ताठ गुडघ्याने चालणारा रुग्ण पाय बाहेरून गोल फिरवून आणतो. रेक्टस फेमोरिस एरवी पाय उचलण्याच्या क्षणी थोडाच वेळ उठतो. तो पाय हवेत असताना बराच काळ चालू राहिला, तर त्याची कंडरा गुडघ्यामागच्या स्नायूला जोडणे किंवा तो सोडवणे हा मार्ग असतो. परंतु मांडीतले शेजारचे, गुडघा सरळ करणारे व्हास्टस स्नायूही त्याच वेळी चालू असतील, तर एकट्या रेक्टसला हात लावून फारसे साधत नाही. शिवाय मांडी पुढे घेणारे स्नायू दुबळे असणे, पोटरीचा रेटा कमी पडणे किंवा चालच फार संथ असणे, या कारणांनीही गुडघा दुमडत नाही, आणि तेथे रेक्टस बिचारा गप्प असतो.

कामाच्या पहिल्या वर्षांत, मी तेव्हा ज्या रुग्णालयात होतो तेथे, एका सडपातळ मुलाच्या मांडीवर पृष्ठभागावरचे इलेक्ट्रोड लावून "रेक्टस सतत चालू" असा रिपोर्ट मी दिला. त्या रिपोर्टवर विसंबून रेक्टसची शस्त्रक्रिया झाली, आणि गुडघा होता तसाच ताठ राहिला. पुढे तारेने तपासले, तेव्हा हवेतल्या टप्प्यात चालू असलेला स्नायू शेजारचा व्हास्टस होता. त्याचाच आवाज माझ्या इलेक्ट्रोडने रेक्टसच्या नावावर टिपला होता. त्या मुलाने प्लास्टरमध्ये काढलेले दिवस मला आजही आठवतात. तेव्हापासून रेक्टसवर निर्णय अवलंबून असेल, तर मी तार घालतो किंवा निदान व्हास्टसवर दुसरी जोडी लावून दोन रेघा एकमेकींच्या सावल्या आहेत का, ते पाहतो. दोन शेजारी स्नायूंच्या रेघा हुबेहूब एकाच वेळी उठत-बसत असतील, तर त्यातली एक उसनी असण्याची शंका घ्यावी.

हात

हाताच्या चाचणीत चालीचे चक्र नसते, म्हणून हालचाल आपल्याला ठरवावी लागते. आधी सांधा आपण सावकाश हलवावा, मग झटकन, मग रुग्णाला स्वतः हलवायला सांगावे, आणि प्रत्येक हालचालीच्या आरंभी व्हिडिओत खूण करावी. "मावशी, मूठ सोडा बघू, सावकाश; आता कप घ्या; आता ठेवा," असे सांगत तीच हालचाल आठ-दहा वेळा करून घ्यावी. कप ठेवण्याचा प्रयत्न करताना चेहरा आवळला जातो आणि दुसरा हातही वळू लागतो, तेव्हा रुग्णाला थांबवून विश्रांती द्यावी.

कोपर सरळ करताना बायसेप्स, ब्रॅकिॲलिस आणि ब्रॅकिओरेडिॲलिस या कोपर दुमडणाऱ्या तिघांची नोंद स्वतंत्रपणे घ्यावी, कारण बायसेप्सची कंडरा नजरेत भरते म्हणून ती लांबवली जाते आणि खरा अडथळा अनेकदा ब्रॅकिओरेडिॲलिसमध्ये निघतो. रुग्णाच्या मनाने आकसणारा, पण वेळेवर न सुटणारा स्नायू कापू नये, स्नायू आणि कंडरा जेथे मिळतात तेथे बेताने लांबवावा, म्हणजे त्याचा उपयोग शिल्लक राहतो. ज्यावर मनाचा ताबा अजिबात नाही आणि जो फक्त अडवतो, तो सोडवायला हरकत नसते.

मनगट खाली ओढणारा फ्लेक्सर कार्पी अल्नारिस वर जोडण्याची शस्त्रक्रिया जुनी आणि लोकप्रिय आहे, आणि वेळ न तपासता केली जाण्याचा धोका तिच्यातच सर्वाधिक असतो. हा स्नायू मूठ मिटताना उठत असेल, तर तो मनगट उचलणाऱ्या स्नायूला जोडणे सयुक्तिक आहे, कारण वस्तू धरताना मनगट वर राहणे उपयोगाचे असते. तो बोटे उघडताना उठत असेल, तर बोटे उघडणाऱ्या कंडरांना जोडण्याचा विचार करावा. तो कधी शांतच होत नसेल, तर जोडल्यावर मनगट वर अडकून बसते आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. येथे लांबवणे जास्त सुरक्षित. कोणताही निर्णय घेण्याआधी मनगट आपल्या हाताने सरळ धरून रुग्णाला बोटे उघडायला सांगावे. तेव्हा बोटे उघडत नसतील, तर मनगट वर आणून पदरी फक्त घट्ट मूठ पडेल. तळहातात नखे रुतलेला, काम करण्याची आशा न उरलेला हात असेल, तर उद्दिष्ट स्वच्छतेचे असते आणि तेथे लांबलचक ईएमजीची गरज सहसा नसते.

आलेखाच्या पलीकडे

रेघेची उंची म्हणजे स्नायूचा जोर नव्हे. इलेक्ट्रोड थोडा सरकला किंवा त्वचेखाली चरबी जास्त असली तरी ती बदलते, आणि स्पास्टिक रुग्ण पूर्ण जोर लावून दाखवू शकत नसल्याने तुलनेसाठी खरी कमाल पातळीही मिळत नाही. म्हणून दोन स्नायूंच्या रेघांची उंची शेजारी ठेवून "हा जास्त ताठर" असे लिहू नये. केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला, एवढेच खात्रीने लिहावे. ताठरपणा आणि आखडलेपणा यांत शंका उरली, तर लिग्नोकेनने संबंधित मज्जातंतू तात्पुरता बधिर करून तोच सांधा पुन्हा मोजावा. बधिर झाल्यावर घोटा वर आला, तर तो ताठरपणा होता. नाही आला, तर लांबवावेच लागेल. बधिरपणा टिकतो त्या अवधीत रुग्णाला आधार देऊन चालवून पाहिले, तर शस्त्रक्रियेनंतरच्या चालीची थोडीशी पूर्वकल्पनाही मिळते, आणि रुग्णाला ती स्वतः अनुभवता येते.

बेत ठरवण्याची बैठक सर्जन, फिजिओथेरपिस्ट आणि आलेख वाचणारा अशा तिघांनी व्हिडिओ समोर लावून घ्यावी. प्रत्येक स्नायूपुढे एक ओळ असावी : मनाचा ताबा, चुकलेली वेळ, लांबी, आणि त्यावरून काय करायचे. भूल दिल्यावर ताठरपणा उतरतो, तेव्हा टेबलावर सगळे कोन पुन्हा मोजून ती ओळ तपासावी, कारण आखडलेपणाबद्दलचा शेवटचा शब्द तेथेच मिळतो. वेळेबद्दल मात्र भूल दिलेला पाय काहीच सांगू शकत नाही, त्यामुळे वेळेवर बेतलेला निर्णय ऑपरेशन थिएटरमध्ये अंदाजाने बदलू नये.

ट्रान्सफरनंतर साधारण सहा आठवडे प्लास्टर आणि पुढे काही महिने स्प्लिंट लागते, हे घरच्यांना आधीच सांगून, त्या काळात जिने आणि लोकलचा प्रवास कसा टाळायचा याची सोय लावून घ्यावी. वर्षभराने तीच चाचणी पुन्हा करावी. ती पहिल्या चाचणीशी ताडून पाहता यावी, यासाठी पहिल्याच दिवशी प्रत्येक इलेक्ट्रोडचे गुडघ्याच्या वाटीपासूनचे किंवा घोट्याच्या हाडापासूनचे अंतर सेंटिमीटरमध्ये लिहून, पायावर मोजपट्टी धरून फोटो काढावा, आणि त्याची एक प्रत रुग्णाच्या फाइलीत लावून द्यावी, कारण वर्षभराने आपल्याकडच्या नोंदी सापडल्या नाहीत तरी ती प्लास्टिकची पिशवी रुग्णासोबत हमखास येते.